अंगणातला हॅबिच्युअल

आमच्या घरात इंग्रजी शब्द फारसे नव्हते. स्टेशन, टाइम, पावडर असे सगळ्यांकडे होते तेवढेच. पण एक शब्द असा होता, जो आमच्या आळीत दुसऱ्या कुणाच्या तोंडी नव्हता आणि आमच्याकडे मात्र उठता बसता वापरला जायचा. हॅबिच्युअल. वडील देशावरच्या एका तुरुंगात शिपाई होते, पुढे हवालदार झाले. तुरुंगात कैदी दोन प्रकारचे असत. एक कॅज्युअल, म्हणजे ज्याच्या हातून एकदाच काहीतरी घडून गेलं. दुसरा हॅबिच्युअल, म्हणजे ज्याला ते केल्याशिवाय चैनच पडत नाही. दोघांच्या बराकी वेगळ्या, दोघांकडे बघायची नजर वेगळी. वडील संध्याकाळी घरी येऊन गणवेश खुंटीला टांगायचे, पण नजर तीच राहायची. दुधाचं भांडं उघडणारं मांजर हॅबिच्युअल. ऐन जेवणाच्या वेळी टपकणारा मामा हॅबिच्युअल. शेजारीण वाटीभर साखर मागायला पहिल्यांदा आली तर कॅज्युअल, दुसऱ्यांदा आली की तिची बढती व्हायची.

मी मॅट्रिकला इंग्रजीत पहिली आले म्हणून शाळेने मला एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश बक्षीस दिला. घरी आणल्याबरोबर मी त्यात हाच शब्द शोधला. सवयीचा, नेहमीचा, अंगवळणी पडलेला, असे अर्थ दिले होते. खाली उदाहरणं होती. एक म्हातारा आपल्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसला, असं एक. कुणा बाईच्या नेहमीच्या मायाळूपणाचं दुसरं. मी मोठ्या विजयाने वडिलांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, हा शब्द काही चोरांचा नाही, कुणालाही लागतो, चांगल्या गोष्टीलासुद्धा लागतो. वडिलांनी चष्म्यावरून कोशाकडे असं पाहिलं, की आता त्याचीही झडती घेतात असं वाटलं.

"हा कोश लिहिणारा कधी तुरुंगात गेलेला दिसत नाही," ते म्हणाले. मग चष्मा काढून, "आणि मला एक सांग, नेहमी नेहमी कुणी चांगलं काम करतं का? चांगलं काम माणूस एखाद्या वेळी करतो, लहर लागली म्हणून. नेहमी करतो ते वेगळंच असतं."

खरं तर मला ते पटलंच होतं. आई लवकर गेली, मी वाढले ती या माणसाच्या हाताखाली. बाजारातून आणलेली भाजी मी अजूनही उलटीपालटी करून बघते, वरची चार वांगी चांगली आहेत म्हणजे खाली पाणी मुरतंय असं समजते. आमच्या घराण्यात सोनंनाणं नव्हतं, संशय होता, आणि तो मला पुरेपूर मिळाला.

साठनंतरच्या त्या वर्षांत माझं लग्न झालं आणि मी सरावलीला आले. तारापूरकडे समुद्राच्या काठी अणुविजेचं मोठं काम निघालं होतं, आणि आमचे हे तिथल्या एका छोट्या ठेकेदाराकडे वेल्डर होते. सकाळी अंधुक असतानाच ट्रक यायचा आणि माणसं भरून घेऊन जायचा. बोईसर स्टेशनावर दर गाडीला नवी माणसं उतरत. कुणी मद्रासी बोलायचा, कुणी पंजाबी, आणि सगळे मिळून एक मोडकंतोडकं हिंदी. कोण कुठला, कुणाच्या मागे काय भानगड, काही कळायला मार्ग नव्हता. मला तर ते गाव आल्या दिवसापासूनच संशयास्पद वाटलं.

एका शेतकरीण बाईच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. खोल्यांपुढे सारवलेलं मोठं अंगण, कडेला एक जुनं आंब्याचं झाड, त्याच्या पलीकडे भाताची खाचरं, आणि खाचरांच्या मागे लांबवर डोंगर. घरमालकीण विधवा, पोटात माया आणि तोंड फाटकं. मला दिवस गेले हे तिनेच माझ्याआधी ओळखलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माझं माहेर म्हणजे एकटे वडील. त्यांना साधा भात टाकता येत नव्हता, बाळंतपण कुठून करणार? मग सातवा लागल्यावर माहेरच माझ्याकडे आलं, एक पत्र्याची ट्रंक आणि एक काठी घेऊन.

दिवस भरत आले की मला गाडीने पालघरला दवाखान्यात न्यायचं, असं यांनी ठरवलं होतं. घरमालकिणीचा त्यावर विश्वास नव्हता. "पोर काय तुज्या गाडीचा टाइम बगून येनार हाय का?" ती म्हणाली. "मी सुईनीला सांगून ठेवलंय. डोंगराखालच्या पाड्यावर ऱ्हाते. माजी समदी बाळंतपनं तिनंच केली."

मी विचारलं, "पण वेळ आली की तिला कळणार कसं? इतक्या लांब जाणार कोण?"

"तिला कळतं. तिचं बरोबर ध्यान असतं. तू नको काळजी करू."

पाड्यावर बसून डोंगराखालच्या बाईला माझ्या पोटातलं कळणार! मला वाटलं देवाबिवाचं काहीतरी असेल, अंगारा नाही तर कौल. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात पालघरची गाडी पक्की केली. पुढच्याच आठवड्यात केळव्याहून निरोप आला की घरमालकिणीची भावजय आजारी आहे, सुपारीच्या वाडीकडे बघायला कुणी नाही. ती गेली. अंगणात आम्ही दोघंच उरलो, मी आणि वडील, आणि दोघांच्या मिळून चार संशयी डोळे.

त्याच सुमाराला तो माणूस यायला लागला.

बोईसरला आठवड्याचा बाजार भरायचा. डोंगराकडची माणसं पहाटेच लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन उतरायची, मोळी विकून मीठ-मिरची घेऊन परत जायची. हा त्यांच्यातलाच एक. म्हातारा म्हणावा तर केस काळे, तरुण म्हणावा तर गालफडं बसलेली. अंगात मळकी बंडी, कमरेला लंगोटी, खांद्यावर मोळीचा रिकामा दोर, आणि कमरेला मागच्या बाजूला अडकवलेला कोयता. बाजार आटोपून तो आमच्या अंगणाशी यायचा आणि आंब्याच्या बुंध्याशी उकिडवा बसायचा. हाक नाही, खाकरणं नाही, पाणी मागणं नाही. नुसता बसायचा आणि घराकडे बघायचा. बराच वेळ. मी काही वाळत घालायला नाही तर सुपात तांदूळ घेऊन बाहेर आले, की माझ्याकडे एकदा बघायचा, उठायचा आणि खाचरांच्या बांधाने निघून जायचा.

पहिल्यांदा मी त्याला भिकारी समजले. दाराशी येऊन "काय पाहिजे?" म्हणून ओरडले, भिकाऱ्याला ओरडतात तसंच. तो उठला आणि चालू लागला. भिकारी असा जात नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी दोरीवरचे कपडे मोजले, कोंबड्यांच्या खुराड्यात डोकावून आले. सगळं जागच्या जागी होतं. काही गेलं नाही याचंच मला जास्त भय वाटलं. चोर असता तर काहीतरी घेऊन गेला असता, मनाचं समाधान झालं असतं.

पुढच्या बाजाराला तो पुन्हा आला. त्याच जागी, तसाच. या वेळी वडिलांनी खिडकीच्या गजांमागे उभं राहून त्याला नीट न्याहाळलं. जन्मभर त्यांनी गजांच्या बाहेरून आत बघितलं होतं; आतून बाहेर बघायची ही पहिलीच वेळ. पण नजर तीच.

"कोयता बघितलास?" ते हळूच म्हणाले.

"त्यांच्याकडे असतोच हो कोयता. लाकडं तोडतात ती."

"लाकडं विकून झाली. आता काय तोडायचंय?"

त्याच वेळी मी पाण्याची घागर घ्यायला बाहेर आले मात्र, तो उठून गेला. वडिलांनी मांडीवर थाप मारली. त्यांना हवं होतं ते सापडलं होतं. "तुला बघायला येतो तो. तुला बघितलं की काम झालं. चोर नाही हा. हा वेगळाच आहे." मग त्यांनी तो शब्द उच्चारला, बराच वेळ तोंडात धरून ठेवल्यासारखा, "हॅबिच्युअल."

मी रात्री यांना सांगितलं. हे दमून आलेले. म्हणाले, "बसू दे की. सावलीला बसत असेल." वडील म्हणाले, "सावली काय बाजारात नाही?" हेही खरंच होतं. मला त्या दिवसांत झोप लागत नव्हती, पोटात पोर लाथा मारायचं, आणि डोळे मिटले की तो आंब्याखाली बसलेला दिसायचा. गरोदर बाईकडे असं टक लावून बघतात का कुणी? दृष्ट लावायला आला असेल? की पोरावर काही करणी? मॅट्रिकला पहिली आलेली मी, पण तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकू लागले. शेजारपाजार लांब, ओळखीचं कुणी नाही. आई असती तर एका वाक्यात तिने मला ताळ्यावर आणलं असतं. आई नव्हती आणि वडील होते.

असे काही आठवडे गेले. त्याचा एकही बाजार चुकला नाही. वडिलांचं बोलणं आता त्याच्याशिवाय होईना. बाजाराच्या आदल्या दिवसापासून ते काठीला तेल लावायचे. स्टेशनाजवळच्या चौकीत जाऊन तिथल्या शिपायाशी त्यांनी ओळखही काढून ठेवली. खाकीतले लोक, एकमेकांना धरून असतात. "एकदा म्हटलं तरी उचलतील," असं त्यांनी मला सांगितलं, मला धीर यावा म्हणून. मला धीर आला, हे कबूल करते.

मग तो दिवस आला. पालघरच्या दवाखान्याने सांगितलेल्या तारखेला अजून अवकाश होता. सकाळी उठले तीच कंबर मोडल्यासारखी. हे ट्रकने निघून गेले होते. मला वाटलं ओझं उचललं म्हणून असेल. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसून राहिले. बाहेर गेले नाही, दोरीवर काही टाकलं नाही, सूप हातात घेतलं नाही. वडिलांनी चहा केला, तो त्यांनाच प्यावा लागला.

तो आला, बसला. मी बाहेर आले नाही, म्हणून तो उठलाही नाही. ऊन आंब्याच्या बुंध्यावरून सरकलं, तरी हा तिथेच. मग उठला, आणि जायचं सोडून दोन पावलं घराच्या जवळ येऊन पुन्हा बसला. मान लांब करून दारातून आत बघायला लागला. वडील खिडकीतून हे सगळं बघत होते. इतक्या आठवड्यांत तो कधी जागचा हलला नव्हता. आज पुढे सरकला, कोयता कमरेलाच, आणि घरात एक म्हातारा व एक अवघडलेली बाई.

"आज ठरवून आलाय," वडील म्हणाले. मला कडी लावून घ्यायला सांगून ते मागच्या दाराने निघाले आणि तरातरा चौकीवर गेले.

शिपाई आला तेव्हाही तो बसलेलाच होता. मी दाराच्या फटीतून बघत होते. शिपायाने त्याची बंडी धरून त्याला उभं केलं. "काय रे, इथं काय काम आहे तुझं?" तो काही बोलेना. शिपायाने एक ठेवून दिली. तेव्हा त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा शब्द ऐकले. "बाय नाय दिसली," तो म्हणाला. "आज बाय नाय दिसली."

"ऐकलंत?" वडील शिपायाला म्हणाले. "स्वतःच्या तोंडाने सांगतोय." कोयता काढून घेतला, त्याच्याच दोराने त्याचे हात बांधले आणि दोघं त्याला घेऊन गेले. जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटून मी वळले, तशी पहिली खरी कळ आली.

पुढचा वेळ मला सलग आठवत नाही. वडील परत आले ते विजयी मुद्रेने, आणि मला जमिनीवर आडवी पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पालघरला न्यायचं तर स्टेशनापर्यंत कोण नेणार? गाडी कधीची? बैलगाडी शोधायला ते रस्त्यावर धावले, परत आले, पुन्हा धावले. बाजारच्या दिवशी सगळ्या गाड्या बाजारात. यांना निरोप द्यायला तारापूरच्या बाजूला जाणारं कुणी मिळेना. घरमालकीण केळव्याला. मी ओरडत होते आणि माझा हवालदार बाप उंबऱ्यात उभा राहून नुसता हात चोळत होता. आता आपण यातून उठत नाही, असं मला स्वच्छ वाटलं. मला त्यांचा भयंकर राग आला. इतक्या माणसांवर पाळत ठेवली, एक माणूस जोडून ठेवला नाही.

उन्हं कलायला लागली होती तेव्हा अंगणात पावलं वाजली. एक बाई आत आली, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, हातापायांवर गोंदण, धापा टाकत होती. वडील आडवे आले तर त्यांना तिने कोपराने बाजूला सारलं. माझ्याजवळ बसली, पोटावर हात ठेवला. "कवापासून?" तिने विचारलं. मी सकाळपासून म्हटलं. "तरीच," ती म्हणाली. कोण तू, असं मी विचारलं असेल बहुतेक, कारण ती म्हणाली, "सुईन मी. तुज्या मालकिनीनं सांगितलेली."

मग तिने घराचा ताबा घेतला. वडिलांना पाणी तापवायला लावलं, जुनं धोतर फाडायला लावलं, दाढीचं नवं पातं आणि दोरा मागितला. माझ्या वडिलांना आयुष्यात कुणी इतके हुकूम सोडले नसतील. ती मला शिव्याही देत होती. "वरडू नको. वरडून काय बाहेर येत नाय. जोर लाव." आणि मधेच, माझ्या पोटावरून हात न काढता, मान वळवून तिने दाराकडे विचारलं, "बाबा, माजा म्हातारा आला व्हता ना सकाळी? हितं झाडाखाली बसतो तो."

मला कळ थांबल्यासारखी वाटली. वडील पाण्याचं भांडं घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं मी सगळं वाचू शकत होते, कारण माझ्याही मनात तेच होतं. सांगितलं तर ही उठून जाईल. किंवा जाणार नाही, आणि हात जरा ढिला सोडेल. माझा आणि पोराचा जीव हिच्या हातात, आणि हिचा माणूस आमच्यामुळे कोठडीत. खरं सांगायचा धीर दोघांनाही झाला नाही. तिच्या हाताने पोर सुटत असतानाही आम्ही तिच्यावर संशयच घेत होतो.

"नाही बुवा," वडील म्हणाले. "मी तरी नाही बघितला."

ती मान वळवून पुन्हा कामाला लागली.

पोर आलं ते मानेला नाळेचा वेढा घेऊन. निळसर, गप्प. मी बघत होते तिच्या हातांकडे. तिने बोट घालून वेढा सोडवला, पोराला पालथं धरलं, पाठ चोळली, तोंडातलं काढलं, पुन्हा चोळली. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. वडील दाराशी खाली बसले होते, त्यांच्या तोंडून माझ्या आईचं नाव येत होतं. मग मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला, आणि पाठोपाठ चांगलं खणखणीत रडणं. मुलगी होती. मला इतकं रडू फुटलं की सुईण पुन्हा ओरडली.

सगळं आवरून, नाळ कापून, पोर माझ्या कुशीत देऊन ती दाराशी हात धुवायला गेली. वडील तिच्या हातावर पाणी ओतत होते. हात धुता धुता ती सहज विचारावं तसं म्हणाली, "बाबा, तू नेमी खोटं बोलतंस, का आजच बोललास?"

वडिलांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"मी चौकीवरनंच आले," ती म्हणाली. "बाजारातनं पोरी आल्या पाड्यावर, म्हनाल्या तुज्या म्हाताऱ्याला बांदून नेला. मी पळत गेले. तो गजाला धरून उभा व्हता. मी रडाय लागले तर माज्यावरच वराडला. म्हनला, माजं ऱ्हाऊ दे, आज बाय बाहेर नाय दिसली, तिचा टाइम आला, तू आदी तिकडं जा."

मग तिने रागारागाने सगळं सांगितलं, आणि बोलताना एकदाही आवाज खाली आणला नाही. घरमालकिणीने तिला सांगितलं होतं की पोरीची आई नाही, लक्ष ठेव. पाड्यावरून रोज कुणी यायचं म्हटलं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून बाजाराला येणाऱ्या नवऱ्याला तिने काम लावलं. बाई अंगणात हिंडताना दिसली की परत ये, नाही दिसली की मला सांगायला पळ. पुरुषाने परक्या बाईला पोटाबद्दल विचारायचं नसतं, म्हणून तो बघून जायचा. आणि घरच्यांनी "का आलास" म्हणून विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या अंगणात आपण होऊन तोंड उघडायचं नसतं. "तो बसून ऱ्हायचा, घरवाला कवातरी इचारेल म्हनून. तुमच्यात मानसाला इचारत नाय काय?"

खरंच आमच्यात विचारत नाहीत. पहिल्यांदा मी ओरडले होते, ते काही विचारणं नव्हतं. आमच्यात आलेला माणूस सांगतो. आम्ही वाट बघत होतो त्याने बोलायची आणि तो वाट बघत होता आम्ही विचारायची. इतके आठवडे त्या अंगणात दोन्ही बाजू वाट बघत बसल्या होत्या आणि मधल्या जागेत माझ्या वडिलांनी त्याला हॅबिच्युअल करून टाकला होता.

"माजं इचारलेलं सांग की," सुईण वडिलांना म्हणाली. "नेमी, का आजच?"

वडिलांनी आयुष्यभर हाच प्रश्न दुसऱ्यांच्या कपाळावर मारला होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आजच," ते म्हणाले. मला वेणा संपल्या होत्या तरी पोटात दुखलं, हसू आलं म्हणून.

काठी न घेता ते चौकीवर गेले. त्यांना किती विनवण्या कराव्या लागल्या ते त्यांनी सांगितलं नाही. शिपाई म्हणाला होता म्हणे, "हवालदारसाहेब, तुम्हीच आणून देता आणि तुम्हीच सोडवायला येता?" दिवेलागणीला ते परतले. मागे तो होता. ओठ सुजलेला, हातात कोयता. आमचे हे तेव्हाच ट्रकमधून उतरले होते आणि काय चाललंय ते त्यांना कळेना. तो अंगणात आला आणि सवयीप्रमाणे आंब्याच्या बुंध्याशी उकिडवा बसला. घराकडे बघत, गप्प.

वडील त्याच्यासमोर उभे. माफी मागायची त्यांची सवय नव्हती. आतून सुईण ओरडली, "आता तरी इचार की त्याला!"

वडील त्याच्यासमोर खाली बसले. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी उकिडवे बसले. "का आलास?" त्यांनी विचारलं.

त्याने आधी दाराकडे पाहिलं. "बायला काय झालं?"

"मुलगी."

"दोगी बऱ्या हायती?"

"बऱ्या आहेत," वडील म्हणाले. तो उठला, दोर खांद्यावर टाकला, आणि बायकोला हाक मारून बांधाच्या दिशेने चालू लागला. पाणीसुद्धा घेतलं नाही. तो रागावलेला होता, आणि रागावण्याचा त्याला पूर्ण हक्क होता.

पाचवीला आम्ही सुईणीला लुगडं दिलं. तिने पदर बोटांत घेऊन पोत बघितला, आणि माझ्या वडिलांकडे बघून, चांगलं आणलंय, असं जरा नवलाने म्हणाली. तो त्या दिवशी आला नाही. पुढच्या बाजारालाही नाही. त्याच्या पुढच्या बाजाराला मात्र आला आणि बुंध्याशी बसला. आता बघायचं काही उरलं नव्हतं, तरी आला. वडिलांनी धावत जाऊन विचारलं, आणि मग ते त्याच्यासमोर मुलीला घेऊन बसले. त्यानंतर आम्ही सरावलीत होतो तोवर तो दर बाजाराला यायचा. मुलगी रांगायला लागली तशी त्याच्या दोराशी खेळायची. कधी तो करवंदं आणायचा, कधी काहीच नाही. फार बोलायचा नाही. कोशातलं ते दुसरं उदाहरण मला तेव्हा आठवायचं, मायाळूपणाचं, पण मी ते वडिलांना पुन्हा वाचून दाखवलं नाही.

वडील बदलले असं मी म्हणणार नाही. संशय त्यांच्या हाडात होता, तो कुठे जाणार? फक्त त्याचा मोहरा फिरला. शब्द तोच राहिला, तो त्यांनी चौकीवाल्यांना बहाल केला. "हॅबिच्युअल आहेत एकेक," असं स्वतःच्या खाकीतल्या लोकांबद्दल बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

आणि बाजाराच्या दिवशी ऊन आंब्याच्या बुंध्यावर आलं तरी तो दिसला नाही, की वडील चपला घालायचे. बाजारात शोधायला जायचे नाहीत, पाड्याकडे जायचे नाहीत. आधी चौकीवर जाऊन कोठडीत डोकावून यायचे.